नाशिकच्या शेतातला जिवाणू ओळखायचा कसा? ग्लासभर पाण्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

टोमॅटोचं हिरवंगार झाड भर दुपारी मान टाकतं. डाळिंबाच्या पानावर तेलकट ठिपका दिसतो. चाळीतल्या कांद्यातून पाणी गळायला लागतं. यातली कुठलीही तक्रार घेऊन कृषी सेवा केंद्रात गेलं, की बहुतेक वेळा एकच जोडी हातात पडते: कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी. डाळिंबावर या जोडीचा थोडाफार उपयोग होतो. टोमॅटोत रोग खोडाच्या आत, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत बसलेला असतो आणि वरून मारलेलं तांबं तिथवर पोचत नाही. आणि चाळीतल्या कांद्यावर फवारणार तरी काय? तिन्ही ठिकाणी कारण जिवाणूच आहे, पण वेगवेगळ्या कुळांतला आणि वेगवेगळ्या सवयींचा.

हा लेख कृषी पदवी-पदविका झालेली मुलं-मुली, रोपवाटिका चालवणारे, द्राक्ष-डाळिंबाला सल्ला देणारे आणि हौसेनं सूक्ष्मदर्शक घेतलेले शेतकरी यांच्यासाठी आहे. पहिल्या तीन पायऱ्या कुणालाही बांधावर करता येतील. पुढच्या पायऱ्यांना प्रयोगशाळा लागते.

आधी ठरवा, नाव किती खोल हवं

वर्गीकरणाची शिडी लांब आहे. जिवाणू आहे की नाही, कोणत्या प्रकारे नुकसान करतो, प्रजाती (जीनस) कोणती, जाती (स्पीशीज) कोणती, त्या जातीतला पॅथोव्हार कोणता आणि शेवटी रेस, म्हणजे ठरावीक वाणांवरच चालणारा उपगट, कोणती. पॅथोव्हार म्हणजे एकाच जातीतला, पण ठरावीक पिकावर रोग पाडणारा गट. १९८० साली जिवाणूंच्या नावांची अधिकृत यादी नव्यानं झाली, तेव्हा केवळ पिकावरून वेगळी ठरवलेली शेकडो नावं जातींच्या यादीतून उतरली आणि पॅथोव्हार म्हणून टिकली. त्यातल्या झँथोमोनास या प्रजातीच्या बऱ्याच जिवाणूंचं मूळ वर्णन पुण्याच्या कृषी महाविद्यालयात झालेलं आहे. तिथले डॉ. एम. के. पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी १९४० आणि १९५० च्या दशकांत एकामागून एक पिकं तपासली. म्हणून जगभरच्या याद्यांत जिवाणूंच्या नावांपुढे पटेल, कुलकर्णी, धांडे अशी आडनावं दिसतात.

शिडीच्या प्रत्येक पायरीला पैसा आणि वेळ लागतो. माझा नियम साधा आहे: पुढच्या पायरीवर गेल्यानं शेतातला निर्णय बदलणार असेल तरच चढायचं. डाळिंबावर तेलकट ठिपके पाडणाऱ्या तेल्याचंच बघा. या जिवाणूची नोंद भारतात १९५२ साली झाली. पुढे त्याचं नाव झँथोमोनास प्युनिसी झालं, मग तो झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस या जातीचा पॅथोव्हार झाला, मग ॲक्झोनोपोडिसचा आणि आता सिट्रीचा. बागाईतदाराची कात्री या सगळ्या काळात त्याच जंतुनाशक द्रावणात बुडवायची होती. उलट, टोमॅटोची मर रालस्टोनिया या जिवाणूमुळे आहे की क्लॅव्हिबॅक्टर या जिवाणूमुळे, यावर पुढच्या हंगामात त्या वावरात काय लावायचं आणि रोपं कुठून आणायची हे ठरतं. तिथं प्रजातीपर्यंत जायलाच हवं.

पायरी १: जिवाणूच आहे का?

पानावरच्या ठिपक्यात चार गोष्टी बघा. ठिपका कोवळा असताना पाण्यात भिजल्यासारखा दिसतो का? पान उन्हाकडे धरलं की त्यातून उजेड आरपार येतो का? त्याची कड शिरांना अडून कोनदार झाली आहे का? भोवती पिवळं वलय आहे का? या चारांत तीन ‘हो’ आले तर जिवाणूचा संशय पक्का धरा. पानाच्या खालून भुरभुर, बुरशीची लव किंवा काळे बारीक टिपके दिसले तर मात्र बुरशीकडे वळा.

डाळिंबात सर्कोस्पोरा बुरशीचे ठिपकेही काळसर असतात, पण ते कोरडे आणि गोलसर राहतात. तेल्याचा ठिपका उन्हाकडे धरल्यावर तेल सांडलेल्या कागदासारखा पारदर्शक दिसतो. फळावर तो वाढत गेला की साल इंग्रजी ‘वाय’ किंवा ‘एल’ अक्षराच्या आकारात तडकते. फांदीच्या पेऱ्यावर बसला तर फांदी तिथंच मोडते.

द्राक्षात घोळ जास्त होतो. जिवाणूजन्य करपा आणि बुरशीचा करपा, दोघांनाही बागाईतदार ‘करपा’च म्हणतो. बुरशीच्या करप्यात पानावरच्या ठिपक्याचा मधला भाग गळून भोक पडतं आणि काडीवर गडद कडेचे खोलगट व्रण दिसतात. जिवाणूच्या करप्यात ठिपके बारीक आणि कोनदार असतात. पानाच्या शिरा आणि देठही काळे पडतात. या जिवाणूचं वर्णन भारतातच, १९७२ साली, आंध्रातल्या द्राक्षांवरून झालं. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की आपल्याकडे दोन्ही करपे एकाच बागेत सापडू शकतात. म्हणून एका पानाचा फोटो पाठवून ‘सर, हे काय?’ असं विचारणाऱ्याला मी आधी काडीचा फोटो मागतो.

मर असेल तर झाड उपटा. मुळांवर माळेसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी. खालची पानं आधी पिवळी पडून झाड हळूहळू वाळलं असेल आणि खोड चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली तर फ्युजॅरियम बुरशीची शक्यता. पानं हिरवी असतानाच झाड दोन-तीन दिवसांत लोळलं असेल तर रालस्टोनिया. डाळिंबाच्या मरीत खोडाच्या आडव्या कापावर चांदणीसारखा करडा-तपकिरी डाग दिसला तर ती सेरॅटोसिस्टिस बुरशी असते. तिथं जिवाणूचा शोध घेण्यात दिवस घालवू नका.

पायरी २: ग्लासची चाचणी

ही चाचणी फुकट आहे आणि नीट केली तर भरवशाची आहे. अडचण एवढीच की बहुतेकजण घाईत करतात.

आजच लोळलेलं झाड निवडा. वाळून कडक झालेलं चालत नाही. जमिनीलगतच्या खोडाचा पाच-सात सेंटिमीटरचा तुकडा धारदार पात्यानं कापा. माती ओल्या फडक्यानं पुसा आणि वरची हिरवी साल तशीच ठेवा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन ते पूर्ण स्थिर होऊ द्या. तुकड्याच्या वरच्या टोकाला दोरा किंवा पेपर क्लिप लावून तो असा टांगा की खालचं टोक पाण्यात जेमतेम अर्धा सेंटिमीटर बुडेल. ग्लासामागे काळा कागद धरा. काळं मोबाईल कव्हरही चालतं.

आता हात लावू नका. रालस्टोनिया असेल तर तीन ते पाच मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागे सुटतात. ते सरळ खाली उतरतात, तळाशी जाऊन पसरतात आणि थोड्या वेळानं सगळं पाणी गढूळ होतं. प्रत्येक धागा म्हणजे चिकट पदार्थात गुंडाळलेले कोट्यवधी जिवाणू. झाडाच्या नळ्या त्यांनीच तुंबवलेल्या असतात, म्हणून खाली ओल असूनही झाड तहानेनं मरतं. धागा सुटला नाही आणि पाणी नुसतं मळकट झालं, तर खोड कुजून दुय्यम जिवाणू शिरले असावेत. त्याला ‘हो’ म्हणू नका. क्लॅव्हिबॅक्टरचा धागा फार क्षीण असतो किंवा दिसतच नाही, त्यामुळे ‘नाही’ आलं म्हणून तो निर्दोष ठरत नाही.

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ भागात भातावर कडा करपा येतो. तिथं हीच चाचणी पानाच्या तुकड्यावर होते. पहाटे गेलात तर तीही लागत नाही, कारण पानाच्या कडेवर पिवळसर चिकाचे थेंब दिसतात.

ठिपक्यांच्या रोगात ग्लास उपयोगाचा नाही. तिथं ठिपक्याची कड, म्हणजे अर्धा रोगट आणि अर्धा निरोगी भाग, दोन-तीन मिलिमीटर कापून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा. वर कव्हरस्लिप टाकून शंभरपट मोठं करून बघा. उजेड थोडा कमी केला की कापलेल्या कडेतून धुरासारखा लोट बाहेर पडताना दिसतो. निरोगी पानाचा तुकडा तुलनेला जरूर ठेवा. हरितकण आणि स्टार्चचे कण सांडतात आणि नवख्याला तेच जिवाणू वाटतात.

पायरी ३: नुकसान कसं करतो, त्यावरून गट

नळ्या तुंबवणारे, पेशी मारून ठिपके पाडणारे, पेशींमधलं पेक्टिन विरघळवून कुजवणारे, गाठी उठवणारे आणि प्रयोगशाळेतल्या बशीत (पेट्री डिशमध्ये) न वाढणारे. शेतातले बहुतेक निर्णय या पाच गटांवरच होतात.

नळ्यांवाल्यांत रालस्टोनिया पहिला. त्याचं नाव २०१४ नंतर दुरुस्त झालं. आशियात मुख्यतः सापडणारा पहिला फायलोटाइप (वंशगट) आता रालस्टोनिया स्यूडोसोलॅनासिएरम या जातीत धरतात. जुन्या अहवालांत सोलॅनासिएरम दिसेल, घाबरू नका. तो जमिनीत राहतो. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, आलं आणि भुईमूग या सगळ्यांवर जगतो. म्हणून टोमॅटो काढून मिरची लावणं हा फेरपालट नव्हे. मका, गहू, कांदा हे खरे फेरपालट. पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, चांदवड पट्ट्यात टोमॅटोची एवढी सवय झाली आहे की ‘यंदा या वावरात टोमॅटो नको’ हे सांगणं सगळ्यात अवघड जातं. ज्यांना तिथंच लावायचा आहे, त्यांनी प्रतिकारक वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं बघावीत. रोगट झाडावरून वाहिलेलं पाटपाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका.

क्लॅव्हिबॅक्टर मिशिगॅनेन्सिसही नळ्यांतच बसतो, पण त्याची सवय वेगळी आहे. तो बियाण्यातून येतो. पानाच्या कडा करपतात. कधी एकाच पानाच्या एका बाजूच्या पर्णिका सुकतात आणि दुसऱ्या बाजूच्या ताज्या राहतात. फळावर मध्ये तपकिरी आणि भोवती पांढरं कडं असलेले बारीक ठिपके येतात. इथं वावर बदलून भागत नाही. बियाण्याचा लॉट, रोपवाटिका, ट्रे आणि खुडणी करणाऱ्याचे हात तपासावे लागतात. साध्या, लेप नसलेल्या बियाण्याला ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २५ मिनिटांची प्रक्रिया देता येते. रंगीत लेप असलेल्या संकरित बियाण्यावर हा प्रयोग करू नका.

ठिपकेवाल्यांत झँथोमोनासचं राज्य आहे: डाळिंबाचा तेल्या, टोमॅटो-मिरचीचे ठिपके, कागदी लिंबाचा खैऱ्या, कोबी-फ्लॉवरचा घाण्या, भाताचा कडा करपा. घाण्या पानाच्या कडेवरून ‘व्ही’ आकारात पिवळा होत आत येतो, कारण तो कडेवरच्या जलरंध्रातून शिरतो. थंडीत टोमॅटोवर बारीक काळे टिपके आले तर स्यूडोमोनास सिरिंगीचा संशय घ्या. झँथोमोनासला ऊब आवडते आणि सिरिंगीला गारवा.

या गटात पाण्याचा शिंतोडा हा वाहक असतो. मालेगाव, सटाणा, देवळा, कळवणच्या डाळिंबवाल्यांनी मृगाऐवजी हस्त बहार, म्हणजे पाऊस सरताना येणारा फुलोरा, धरला तर तेल्याचा जोर कमी राहतो, तो याच कारणानं: कोवळी पालवी आणि पाऊस यांची गाठ पडत नाही. फळं काढल्यावर बागेला तीन-चार महिने विश्रांती द्यावी. व्रण असलेल्या काड्या छाटून, गळालेला पाला गोळा करून जाळावा. प्रत्येक झाडानंतर कात्री १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवावी आणि १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, यांचा फवारा घ्यावा. एवढं केलं तर पुडीची आठवण कमी येते.

पुडीबद्दल एक गोष्ट इथंच सांगतो. स्ट्रेप्टोसायक्लिनमध्ये ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि १० टक्के टेट्रासायक्लिन हायड्रोक्लोराइड असतं. ही माणसांचीही औषधं आहेत. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतल्या त्यांच्या वापरावर टप्प्याटप्प्यानं बंदी आणण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. म्हणून शिफारस लिहिण्याआधी त्या दिवशीची कायदेशीर स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारा. निर्यातीच्या द्राक्षाला तर हा विचारही करू नका.

कुजवणाऱ्यांचा हिशेब कांद्याच्या चाळीत होतो, आणि इथं नाक कामाला येतं. कांदा लिबलिबीत झाला, मानेवर दाबल्यावर घाण वासाचं पाणी आलं, तर पेक्टोबॅक्टेरियम. बाहेरून कांदा ठीक, मधले एक-दोन पापुद्रे पिवळट-तपकिरी आणि चिकट, आतला गाभा टणक आणि वास आंबूस, तर बर्खोल्डेरिया सेपेशिया. ही जात कांद्यावरूनच १९५० साली वर्णिली गेली. काळी काजळी दिसली तर ती ॲस्परजिलस बुरशी, हा विषयच वेगळा. दोन्ही जिवाणू बहुधा मानेच्या ओल्या जखमेतून शिरतात. म्हणून माना पडायला लागल्या की काढणीआधी १० ते १५ दिवस पाणी तोडा. पात कापताना दोन-अडीच सेंटिमीटर मान ठेवा, कांदा नीट सुकवा आणि फुटका, जोड, डेंगळ्या माल चाळीत टाकूच नका. या रोगाचं औषध काढणीच्या आठवड्यात असतं, चाळीत नसतं.

गाठी उठवणारा ॲग्रोबॅक्टेरियम आपल्या डीएनएचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घुसवतो आणि मग पेशी स्वतःच बेसुमार वाढत राहतात. त्यामुळे जिवाणू मेला तरी गाठ वाढतेच. द्राक्षावर येणारी जात वेगळी आहे, तिला आता ॲलोऱ्हायझोबियम व्हायटिस म्हणतात. हा फरक कामाचा आहे: गुलाब आणि बदामवर्गीय झाडांवर गाजलेला के-८४ हा मित्रजिवाणू द्राक्षाच्या गाठीवर चालत नाही. तिथं निरोगी काडी आणि निरोगी खुंट एवढाच मार्ग उरतो.

शेवटचा गट बशीत वाढत नाही. वांग्याचा बोकड्या, ज्यात पानं बोटाच्या नखाएवढी होऊन झुडूप बनतं, तो फायटोप्लाझ्मामुळे. याला पेशीभित्तिकाच नसते. १९६७ साली जपानी संशोधकांनी दाखवून देईपर्यंत असे रोग विषाणूचे समजले जात. लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग लिबेरिबॅक्टरमुळे होतो, तोही असाच. बोकड्या तुडतुड्यांनी पसरतो, ग्रीनिंग सिट्रस सिला किडीनं. झाड उपटा आणि कीड आटोक्यात ठेवा. नमुना बशीत वाढवायला देऊन पैसे वाया घालवू नका, थेट पीसीआर, म्हणजे डीएनए तपासणी, मागा.

पायरी ४: नमुना

निम्मे अहवाल इथंच बिघडतात. फवारणीच्या आधी नमुना घ्या. फवारा झाला असेल तर आठ-दहा दिवस थांबून नव्या ठिपक्यांचा घ्या. अगदी सुरुवातीची, अर्धी निरोगी पानं हवीत. पूर्ण करपलेल्या पानात मूळ गुन्हेगार संपलेला असतो आणि भटके जिवाणू राज्य करत असतात. पानं वर्तमानपत्रात गुंडाळा, मग पिशवीत टाका. ओला कापूस किंवा पाणी शिंपडलेलं प्लास्टिक नको. मर असेल तर मुळं आणि मूठभर मातीसकट अख्खं झाड द्या. गाडीच्या डिकीत ऊन खात ठेवू नका. त्याच दिवशी पोचणार नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही.

सोबत चिठ्ठी हवी: गाव, पीक, वाण, लागवड किंवा छाटणीची तारीख, आधीचं पीक, शेवटचे फवारे, पाऊस कधी झाला आणि रोग वावरात पट्ट्यात आहे की विखुरलेला.

पायरी ५: बशीत वाढवणं

ठिपक्याची कड १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा ते एक मिनिट ठेवा आणि निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा. निर्जंतुक पाण्याच्या थेंबात तुकडा चिरा आणि दहा-पंधरा मिनिटं जिवाणूंना बाहेर येऊ द्या. मग त्या थेंबातून लूपनं, म्हणजे तारेच्या कडीनं, बशीतल्या माध्यमावर (जिवाणूंच्या खाद्यावर) रेघा ओढा. साधा न्यूट्रिएंट अगर चालतो, पण ओळखीला खास माध्यमं सोपी पडतात. झँथोमोनाससाठी वायडीसी: लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेट २० ग्रॅम, अगर १५ ग्रॅम. स्यूडोमोनाससाठी किंग्ज बी. रालस्टोनियासाठी केलमनचं टीझेडसी, ज्यात टेट्राझोलियमचा रंग असतो. बशा २८ अंशांवर ठेवा.

आता घड्याळ बघा, कारण वाढीचा वेग हाच पहिला पुरावा आहे. पेक्टोबॅक्टेरियम आणि त्याचे भाऊबंद २४ तासांत वर येतात. झँथोमोनासला ४८ ते ७२ तास लागतात. क्लॅव्हिबॅक्टर कधीकधी आठवडा घेतो. ठिपक्याच्या रोगात दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या दिसणाऱ्या वसाहती (जिवाणूंचे वाढलेले पुंजके) बहुधा पाहुण्या असतात. त्यांना खूण करून बाजूला ठेवा आणि वाट बघा. नवखी मुलं हटकून त्याच उचलतात.

वायडीसीवर तिसऱ्या दिवशी पिवळी, फुगीर, श्लेष्मल, चकचकीत वसाहत दिसली तर झँथोमोनास असू शकतो. किंग्ज बीवर अतिनील दिव्याखाली हिरवट-निळी चमक म्हणजे चमकणारा स्यूडोमोनास. टीझेडसीवर वेड्यावाकड्या कडेची, ओघळती, पांढरी आणि मध्ये गुलाबी वसाहत म्हणजे रोगकारक रालस्टोनिया. तोच जिवाणू वारंवार बश्यांवर उतरवला की गोल, गडद लाल, कोरडा होतो आणि रोग पाडायची ताकद गमावतो. म्हणून चांगली वसाहत मिळाली की तीच लगेच साठवा: रालस्टोनिया निर्जंतुक पाण्यात खोलीच्या तापमानाला वर्षानुवर्षं टिकतो. बाकीचे ग्लिसरॉलमध्ये घालून गोठवा.

पायरी ६: पिवळा म्हणजे झँथोमोनासच, असं नव्हे

पानांवर पिवळे जिवाणू ढीगभर असतात. पँटोइया पिवळा आहे, कर्टोबॅक्टेरियम पिवळा आहे, स्फिंगोमोनासही पिवळा. इथं तीन स्वस्त चाचण्या गर्दी विरळ करतात.

पहिली पोटॅशियम हायड्रॉक्साइडची. काचपट्टीवर ३ टक्के द्रावणाचा एक थेंब घ्या. हातमोजे घाला, हे दाहक असतं. शुद्ध वसाहतीतून टूथपिकनं भरपूर जिवाणू उचलून थेंबात दहा सेकंद घोटा आणि टूथपिक हळूच वर उचला. जिवाणूंचे भिंतीवरून दोन मोठे गट पडतात: पाकासारखी तार वर आली तर ग्राम-ऋण. थेंब पाणीदारच राहिला तर ग्राम-धन. ऋण जिवाणूची भिंत पातळ असते, ती फुटते आणि डीएनए बाहेर येऊन तार धरतो. कर्टोबॅक्टेरियम आणि क्लॅव्हिबॅक्टर इथंच वेगळे पडतात. शंका असेल तर ग्राम रंजन करा, पण ताज्या, २४ ते ४८ तासांच्या वाढीवर. जुनी वाढ खोटं बोलते.

दुसरी, हवेशिवाय ग्लुकोज आंबवतो का ती. नळीत माध्यमावर तेलाचा थर देऊन बघा. तेलाखालीही रंग बदलला तर पँटोइया किंवा पेक्टोबॅक्टेरियमचं कूळ. झँथोमोनास, स्यूडोमोनास, रालस्टोनिया यांना हवा लागतेच.

तिसरी, ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) आहे का ती. निकाल दहा सेकंदांत वाचा, वसाहत साखरेच्या माध्यमावरची नको आणि लोखंडी लूप तर मुळीच नको. रालस्टोनिया आणि स्यूडोमोनास फ्लुरोसन्स ऑक्सिडेज-धन, सिरिंगी ऑक्सिडेज-ऋण, झँथोमोनास ऋण किंवा अगदी मंद. चमकणाऱ्या स्यूडोमोनासांसाठी याला लेव्हान, बटाट्याची कूज, आर्जिनिन आणि तंबाखूवरची प्रतिक्रिया जोडली की १९६६ पासून चालत आलेली लोपॅट मालिका पूर्ण होते.

पायरी ७: गुन्हेगार की नुसता हजर?

फ्लुरोसन्स तुम्ही स्वतः ड्रीपमधून सोडला असेल, बॅसिलस सबटिलिस बीजप्रक्रियेतून आला असेल, ॲझोटोबॅक्टर आणि रायझोबियम मातीत असणारच. स्यूडोमोनास या एकाच प्रजातीत मित्रही आहे आणि वैरीही. म्हणून बशीत सापडलेल्या नावावर आरोप ठेवायचा नाही. रोग पाडून दाखवला पाहिजे.

लवकर उत्तर हवं असेल तर तंबाखूच्या पानात सुई नसलेल्या सिरिंजनं मिलिलिटरला सुमारे १० कोटी जिवाणूंचं मिश्रण खालून दाबून भरा. शेजारी नुसतं पाणी भरा. २४ ते ४८ तासांत भरलेला तेवढाच भाग वाळून कागद झाला, तर जिवाणूकडे रोगाची हत्यारं आहेत. हंगेरीच्या क्लेमेंट यांनी १९६३ मध्ये ही पद्धत मांडली. क्लॅव्हिबॅक्टर तंबाखूला दाद देत नाही, पण गुलबक्षीच्या पानावर प्रतिक्रिया दाखवतो, आणि गुलबक्षी आपल्याकडे दारोदारी आहे. ॲग्रोबॅक्टेरियमलाही तंबाखूची चाचणी लागू नाही, तो गाजराच्या चकतीवर गाठी उठवतो. कुजवणाऱ्यांसाठी निर्जंतुक केलेल्या बटाट्याची चकती ओल्या कागदावर ठेवा, खाचेत वसाहत लावा आणि दुसऱ्या दिवशी लूपनं ढोसून बघा.

पक्कं उत्तर मात्र मूळ पिकावरच मिळतं. किमान तीन निरोगी रोपांना टोचा, तीनांना पाणी टोचा, तीच लक्षणं दिसली की पुन्हा जिवाणू वेगळा काढा आणि पहिल्याशी ताडून बघा.

पायरी ८: डीएनए, हवा असेल तरच

सगळ्या जिवाणूंत असणारा, सुमारे १५०० अक्षरांचा १६-एस जनुक वाचून घेतला की प्रजाती पक्की होते. जाती बहुतेकदा संशयित राहते आणि पॅथोव्हार तर त्यातून कळतच नाही. अहवालात ‘९९ टक्के जुळणी’ वाचून तेल्याचा पॅथोव्हार ठरला, असं समजू नका. जातीसाठी जायरेज-बी किंवा आरपीओ-डीसारखी जनुकं लागतात, आणि नव्या जातीचा दावा असेल तर पूर्ण जीनोमची ९५-९६ टक्क्यांची सरासरी साम्यमर्यादा. रेस ओळखण्याचं काम वाण तयार करणाऱ्यांचं. भातात एक्सए-२१सारखी प्रतिकारक जनुकं वाणात घालणाऱ्यांना ते लागतं. इगतपुरीच्या शेतकऱ्याला नत्राचा हप्ता कमी कर आणि रोगट बांधीतलं पाणी शेजारच्या बांधीत सोडू नकोस, एवढं सांगण्यासाठी रेस कळायची गरज नाही.

डाळिंबाच्या गुंतागुंतीच्या प्रकरणात सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, द्राक्षासाठी मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि कांद्यासाठी राजगुरुनगरचं संचालनालय ही नेमकी दारं आहेत. जपून ठेवण्यासारखा जिवाणू मिळाला तर पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र किंवा चंदीगडचा एमटीसीसी हा जिवाणूसंग्रह गाठा.

काम संपल्यावर बश्या, टूथपिक, बटाट्याच्या चकत्या, टोचलेली रोपं, सगळं १२१ अंशांवर १५ पौंड दाबानं वीस मिनिटं शिजवूनच टाका. बर्खोल्डेरियाची बशी उघडून वास घेऊ नका, कारण फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्याला तो जिवाणू बाधू शकतो. आणि एका तालुक्यातला रोगट नमुना दुसऱ्या तालुक्यातल्या बागेत ‘दाखवायला’ म्हणून खिशातून नेऊ नका. फोटो पुरतो.